पिस्तुलाचे काडतूस, रायफलीचा दस्ता : रुगरची पोलीस कार्बाइन कुठे चुकली?

अर्धविराम

अमेरिकेतील स्टर्म, रुगर अँड कंपनीने १९९६ मध्ये 'पोलीस कार्बाइन' या नावाने एक अर्धस्वयंचलित बंदूक बाजारात आणली (कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी रायफल). तिचे दोन प्रकार होते : ९ मिलिमीटर काडतुसाची पीसी-९ आणि पॉइंट ४० स्मिथ अँड वेसन काडतुसाची पीसी-४. नळी सव्वासोळा इंचांची, म्हणजे सुमारे ४१ सेंटिमीटर, वजन तीन किलोंहून किंचित कमी, दस्ता काळ्या कृत्रिम पदार्थाचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच कंपनीच्या पी मालिकेतील पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, या बंदुकीत जसेच्या तसे बसत असे. पोलिसाच्या कमरेला पिस्तूल, गस्ती गाडीत कार्बाइन आणि पट्ट्यावरची मॅगझिने दोन्हींना चालणारी, अशी ती योजना होती. २००६ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

मला ही कल्पना मुळातच सयुक्तिक वाटते. पिस्तुलाने ताणाखाली नेम धरणे किती कठीण असते हे पाहायचे असेल, तर रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील एकच आकडा पुरे : समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच लक्ष्यावर लागत होत्या, आणि समोरचा गोळीबार करत नसतानाही हे प्रमाण सरासरी ३० टक्केच होते. उरलेल्या गोळ्या भिंतीत, मोटारींत किंवा दुर्दैवाने त्रयस्थांकडे जातात. तीच गोळी दोन्ही हात, खांदा आणि गाल यांच्या आधाराने झाडता आली, तर नेम सुधारणारच. मग ज्या पोलिसांसाठी ही बंदूक घडवली, त्यांनीच तिला मोठ्या प्रमाणावर का स्वीकारले नाही?

बारा_बोअर

कारण त्यांच्या गाडीत बंदूक आधीपासूनच होती. रेमिंग्टन ८७० सारखी बारा बोअरची पंप बंदूक, म्हणजे हाताने सरकवून काडतूस भरायची छऱ्यांची बंदूक, कित्येक दशके अमेरिकी गस्ती गाड्यांचा अविभाज्य भाग होती. तिच्या मोठ्या छऱ्यांच्या काडतुसात सामान्यतः नऊ छरे असतात आणि प्रत्येक छरा आठ मिलिमीटरहून जाड असतो. जवळच्या अंतरावर त्यापुढे ९ मिलिमीटरची एक गोळी म्हणजे काहीच नव्हे.

मध्यमा

बारा_बोअर, आपल्या नावातच पक्षपात आहे, तरीही उत्तर देते. त्या नऊ छऱ्यांपैकी प्रत्येकाचा हिशेब पोलिसाला द्यावा लागतो. पंचवीस मीटरांवर ते इतके फाकलेले असतात की काही लक्ष्याच्या बाजूने निघून जाण्याची शक्यता चांगलीच मोठी असते. शिवाय बारा बोअरचा झटका लहान चणीच्या व्यक्तीला इतका नकोसा होतो की ती सरावच टाळू लागते, आणि ज्या शस्त्राचा सराव टाळला जातो ते अडचणीच्या वेळी गाडीतच राहते. पोलीस कार्बाइनची खरी स्पर्धा रायफलीशी नसून याच पंप बंदुकीशी होती, असे माझे मत आहे.

जुनी_फाईल

या प्रश्नाचे उत्तर कालक्रमात दडलेले आहे, म्हणून थोडे मागे जातो.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि पाच जखमी झाले. दरोडेखोरांपैकी एकाच्या हातात पॉइंट २२३ काडतुसाची मिनी-१४ रायफल होती आणि ती रुगर कंपनीचीच होती, हा योगायोग लक्षात ठेवावा. चकमकीच्या सुरुवातीसच त्याला लागलेली ९ मिलिमीटरची एक गोळी दंडातून छातीत शिरली, मात्र हृदयापाशी पोचण्यापूर्वी थांबली, आणि त्यानंतरही तो लढत राहिला. या घटनेतून एफबीआयने मुख्यतः काडतुसाविषयी धडा घेतला. आधी १० मिलिमीटर आणि मग त्याचेच आखूड रूप असलेले पॉइंट ४० स्मिथ अँड वेसन हे काडतूस १९९० मध्ये आले आणि पोलिसांत झपाट्याने पसरले.

पीसी-४ हे त्याच लाटेचे अपत्य होते. पण मायामीचा दुसरा धडा असा होता की रायफलीसमोर पिस्तूल, मग ते कोणतेही असो, अपुरे पडते. तो धडा सर्वांच्या गळी उतरला तो २८ फेब्रुवारी १९९७ रोजी. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात बँक लुटून बाहेर आलेल्या दोघा दरोडेखोरांनी अंगभर चिलखत घातले होते आणि त्यांच्या हातात स्वयंचलित रायफली होत्या. सुमारे ४४ मिनिटे चाललेल्या त्या चकमकीत पोलिसांची पिस्तुले आणि छऱ्यांच्या बंदुका निष्प्रभ ठरल्या, आणि काही पोलिसांनी चक्क जवळच्या बंदुकांच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. दोन्ही दरोडेखोर मारले गेले, पोलिसांपैकी कोणी दगावले नाही, परंतु अनेक जण जखमी झाले. त्यानंतर संरक्षण खात्याने आपल्या जादा साठ्यातील ६०० एम-१६ रायफली लॉस एंजेलिस पोलिसांना दिल्या.

म्हणजे पोलीस कार्बाइन बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि तेवढ्यात 'पिस्तुलाचेच काडतूस, पण लांब नळीतून' हे उत्तर सर्वांसमक्ष तोकडे ठरले.

शंकासुर

लग्नाच्या दिवशीच मांडव कोसळावा, तशी गत.

अर्धविराम

जुनी_फाईल, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. एक शंका आहे. लांब नळीमुळे गोळीचा वेग वाढतो, असे सगळीकडे लिहिलेले असते. मग ९ मिलिमीटरची गोळी कार्बाइनमधून सुटल्यावर चिलखत भेदू शकत नाही का?

लोहार

वेग वाढतो, पण फारसा नाही. पिस्तुलाच्या काडतुसातील दारू जलद जळणारी आणि थोडी असते, त्यामुळे पहिल्या वीसपंचवीस सेंटिमीटरांतच तिचे बहुतेक काम संपते. आठ ग्रॅमची ९ मिलिमीटर गोळी पिस्तुलातून सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटत असेल, तर ४१ सेंटिमीटर नळीतून ती सुमारे ४०० मीटरपर्यंत जाईल. ऊर्जेच्या भाषेत ४९० जूलचे ६४० जूल झाले. याउलट साडेतीन ग्रॅमची पॉइंट २२३ गोळी तितक्याच लांबीच्या नळीतून सेकंदाला सुमारे ९५० मीटर वेगाने सुटते आणि १६०० जूलच्या आसपास ऊर्जा नेते. अमेरिकेत पोलिसांच्या मऊ चिलखतासाठी वापरले जाणारे जे 'थ्री-ए' मानक आहे, त्याच्या चाचणीत ९ मिलिमीटर गोळीचा वेग ४३६ मीटर धरलेला होता. तेव्हा सर्वसाधारण गोळी कार्बाइनमधून झाडल्याने ते चिलखत भेदले जात नाही.

आता विषय यंत्ररचनेचा निघालाच आहे तर तीही सांगतो, कारण या बंदुकीची अडचण मला तिथेच दिसते. पोलीस कार्बाइन साध्या 'ब्लोबॅक' पद्धतीची आहे. बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून टेकलेला सरकता ठोकळा, नळीशी कुलूपबंद नसतो. काडतूस फुटल्यावर त्याला थोपवून धरते ते केवळ बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेते, तेवढाच बोल्ट मागे घेतो. आठ ग्रॅम गुणिले ४०० मीटर म्हणजे ३.२ एकके. बोल्ट ६०० ग्रॅमचा धरला तर तो सेकंदाला पाच मीटरांहून अधिक वेगाने मागे येईल, आणि यात दारूच्या वायूचा वाटा धरलेलाच नाही. पॉइंट ४० ची गोळी सामान्यतः ११.७ ग्रॅमपर्यंत असते. तिच्यासाठी बोल्ट आणखी जड हवा, नाहीतर रिकामे काडतूस वेळेआधीच उघडे पडेल. परिणाम असा की काडतूस लहान असूनही बंदूक हलकी करता येत नाही आणि तो अर्धा-पाऊण किलोचा लोखंडी ठोकळा दर गोळीला मागेपुढे आपटत राहतो.

हेकलर अँड कॉखच्या एमपी-५ मध्ये रोलरच्या साहाय्याने बोल्टला विलंब दिला जातो, म्हणून तिचा झटका मऊ लागतो. पण ती रचना महागडी आहे. रुगरने स्वस्त आणि भक्कम मार्ग निवडला, आणि कारागीर म्हणून मला त्याबद्दल आदरच आहे.

सांजवात

लोहार यांचे म्हणणे माझ्या खांद्याने अनुभवले आहे. मी अॅरिझोनात राहत असताना एका सहकाऱ्याकडे जुनी पीसी-४ होती आणि दोनतीन रविवारी आम्ही ती सरावाच्या मैदानावर नेली. पिस्तुलाचे काडतूस आहे म्हणजे झटका नगण्य असेल, अशा समजुतीने मी ती उचलली. झटका मोठा नव्हता, परंतु विचित्र होता. आधी एक धक्का, मग बोल्ट मागे आपटल्याचा दुसरा, मग तो पुढे येऊन बसल्याचा तिसरा. शेजारच्या एआर-१५ मधून झाडलेली पॉइंट २२३ ची गोळी कितीतरी पट शक्तिमान असूनही ती रायफल मला अधिक शांत वाटली. हा विरोधाभास पुष्कळ दिवस माझ्या डोक्यात राहिला होता आणि आज इथे त्याचे स्पष्टीकरण मिळाले.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पंचवीस मीटरांवर मी पिस्तुलाने कागदाच्या कडेला भोके पाडत होते, आणि या कार्बाइनने पहिल्याच मॅगझिनमध्ये सर्व गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवल्या. मी अगदी नवशिकी होते. अर्धविराम यांचा मूळ मुद्दा त्या अर्थाने खरा आहे.

कोठारप्रमुख

आतापर्यंतच्या चर्चेत शस्त्राविषयी पुष्कळ बोलले गेले, खरेदीविषयी कोणीच नाही. पोलीस विभाग बंदूक विकत घेतो तेव्हा तो प्रशिक्षण, सुटे भाग, काडतुसे, मॅगझिने आणि कागदपत्रे विकत घेत असतो.

या कार्बाइनचा मुख्य गुण म्हणजे पिस्तुलाशी मॅगझिनची एकवाक्यता. पण हा गुण तेव्हाच उपयोगी, जेव्हा विभागाचे पिस्तूल रुगर पी मालिकेचे असेल. ती पिस्तुले दणकट आणि स्वस्त होती, काही विभागांनी ती घेतलीही होती, परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी पोलिसांत ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांनी आघाडी घेतली होती, आणि उरलेल्या जागेत स्मिथ अँड वेसन, बेरेटा व सिग सावर हे होते. ग्लॉक वापरणाऱ्या विभागाने पीसी-४ घेतली असती, तर त्याला दोन प्रकारची मॅगझिने सांभाळावी लागली असती, आणि मग एवढे करून पिस्तुलाचेच काडतूस कशासाठी ठेवायचे, हा प्रश्न आलाच असता.

दुसरा घाव सरकारनेच घातला. १९९७ च्या संरक्षण खर्चविषयक कायद्यातील कलम १०३३ अन्वये सैन्याचे जादा साहित्य पोलीस विभागांना देण्याची सोय विस्तारली गेली. जुनी का होईना, एम-१६ जवळजवळ वाहतूक खर्चात मिळू लागली, तेव्हा नवीन कार्बाइनसाठी अंदाजपत्रकात रक्कम मागायला कोणता पोलीसप्रमुख जाईल?

शंकासुर

फुकटची एम-१६ आणि विकतची पीसी-९. निविदा उघडण्याचीही गरज नाही.

अर्धविराम

कोठारप्रमुख, मुद्दा पटला. तरीही एका बाबतीत माझे समाधान झालेले नाही. वस्तीत, घरात, शाळेत रायफलीची गोळी भिंती भेदून पलीकडच्या निरपराध माणसाला लागेल, ही भीती रास्त नाही का? पिस्तुलाची गोळी मंद असल्यामुळे त्या दृष्टीने कार्बाइनच सुरक्षित ठरायला हवी होती.

मध्यमा

आपण म्हणता तसे मीही अनेक वर्षे मानत होते, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट निघाली. अमेरिकी घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. अशा भिंतींवर १९९० च्या दशकात ज्या चाचण्या झाल्या, त्यांत हलक्या आणि वेगवान पॉइंट २२३ गोळ्या पहिल्याच भिंतीनंतर कोलांटी खाऊन किंवा फुटून आपली शक्ती गमावत असल्याचे दिसले. पिस्तुलाची पोकळ टोकाची, शरीरात शिरल्यावर फुलावी म्हणून बनवलेली गोळी मात्र जिप्समने टोक बुजल्यामुळे फुलत नाही आणि साध्या गोळीसारखी एकामागून एक भिंती ओलांडत जाते. आठ ग्रॅमचा आखूड, जाड तुकडा तसा सहजासहजी डगमगत नाही.

हे सर्व गोळीच्या घडणीवर अवलंबून असते, हे लगेच जोडते. जड किंवा काचेतून जाण्यासाठी मुद्दाम बांधणी केलेल्या रायफल गोळ्या निराळ्या वागतात, आणि जी गोळी नेम चुकून कोणत्याही अडथळ्याविना जाते ती रायफलीची असेल तर फार लांब जाते. तरीसुद्धा 'पिस्तुलाचे काडतूस म्हणून वस्तीत सुरक्षित' हा जो या कार्बाइनच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद होता, त्याचा पाया या चाचण्यांनी खचला.

बारा_बोअर

छऱ्यांनीही त्या भिंती भेदल्या जातात, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आता तरी माझ्यावर पक्षपाताचा आरोप राहू नये.

दुर्बीण

मला तर मुळात या बंदुकीच्या नावातील 'पोलीस' या शब्दाविषयीच संशय आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली सोळा इंचांहून आखूड नळीच्या रायफलीवर नोंदणीचे बंधन आहे, आणि तेव्हा करही होता. ते सामान्य नागरिकाला जाचक आहे, पोलीस विभागाला नाही. मग केवळ पोलिसांसाठी असलेल्या, गाडीतून चटकन काढायच्या बंदुकीला नळी नेमकी सव्वासोळा इंचांची का? दहा-बारा इंच पुरले असते, आणि लोहार यांच्या म्हणण्यानुसार वेगही फारसा घटला नसता. पाव इंच अधिकचे ठेवले आहे ते दुकानात विकता यावे म्हणूनच. 'पोलीस' हे नाव मला विक्रीची युक्ती वाटते.

जुनी_फाईल

दुर्बीण, आपले निरीक्षण मार्मिक आहे, पण निष्कर्ष थोडा कठोर वाटतो. सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या दहा वर्षांत अमेरिकेत नागरिकांना दहाहून अधिक गोळ्यांचे नवे मॅगझिन विकण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी होती, आणि पोलिसांना मात्र त्यातून सूट होती. म्हणजे पीसी-९ तिच्या बहुतेक आयुष्यात पंधरा गोळ्यांच्या नव्या मॅगझिनसह पोलिसांनाच मिळू शकत होती. शिवाय त्या कायद्यात पिस्तुली पकड, घडीचा दस्ता अशा दर्शनी गोष्टींवर रोख होता. रुगरची ही कार्बाइन साध्या शिकारी रायफलीसारखी दिसते आणि यात कंपनीचा स्वभावही दिसतो. खुद्द विल्यम रुगर यांनी १९८९ मध्ये मॅगझिनवर पंधरा गोळ्यांची मर्यादा घालावी, असे अमेरिकी काँग्रेसला पत्राद्वारे सुचवले होते, आणि त्याबद्दल बंदूकप्रेमींनी त्यांना दीर्घकाळ क्षमा केली नाही.

एकाच साच्यातून दोन्ही बाजार गाठण्याचा हा प्रयत्न होता, एवढे म्हणणे न्याय्य ठरेल.

रानवाटा

थोडे अवांतर. एकच काडतूस पिस्तुलात आणि रायफलीत, ही कल्पना काही १९९० च्या दशकातली नव्हे. विंचेस्टरच्या १८७३ च्या लिव्हर रायफलीचे पॉइंट ४४-४० काडतूस पुढे काही वर्षांतच कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही आले. घोड्यावर फिरणाऱ्या माणसाला पट्ट्यात एकच प्रकारची काडतुसे ठेवता येत होती. काळ्या दारूच्या जमान्यात रायफलीचे हे काडतूस तसे दुबळे नव्हते, म्हणून तडजोड फार मोठी नव्हती. शंभर वर्षांनी रायफल कुठल्या कुठे पोचली आणि पिस्तूल जवळजवळ तिथेच राहिले.

कोठारप्रमुख

रानवाटा, अवांतर नाही, हा तर गाभ्याचा मुद्दा आहे. आणि एका शब्दाविषयी खुलासा करतो, कारण मराठी वाचकाचा गोंधळ होण्याची शक्यता आहे. आपल्याकडे बातम्यांत 'कार्बाइन' म्हणतात ती बहुधा कानपूरच्या कारखान्यात बनलेली, ब्रिटिश स्टर्लिंगवर आधारित ९ मिलिमीटरची स्वयंचलित सबमशीनगन असते. या धाग्यातील कार्बाइन अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे घोडा एकदा ओढला की एकच गोळी.

सांजवात

प्रशिक्षणाचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून मांडते. पुष्कळ पोलीस विभागांची सरावाची जागा बंदिस्त असते आणि तिथली गोळ्या अडवणारी यंत्रणा पिस्तुलाच्या काडतुसांपुरतीच बनवलेली असते. तिथे रायफल चालवता येत नाही, पोलादी लक्ष्यांना खड्डे पडतात आणि छताखाली आवाज असह्य होतो. अशा विभागाला ही कार्बाइन आपल्याच जागेत, आपल्याच काडतुसांनी शिकवता येत होती. माझ्या त्या सहकाऱ्याच्या म्हणण्यानुसार त्याच्या जुन्या विभागाने ती केवळ याच कारणासाठी घेतली होती.

मध्यमा

हे कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटते. परंतु २० एप्रिल १९९९ च्या कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर पोलिसांची कार्यपद्धतीच बदलली. त्याआधी गस्तीवरील पोलिसाने वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहायची, अशी रीत होती. त्यानंतर, जो पहिला पोचेल त्याने आत शिरायचे, असे ठरले. आत शिरणाऱ्याच्या हातात सर्वांत परिणामकारक शस्त्र असावे, या विचाराने गस्ती रायफलीची मागणी वाढली. त्या हत्याकांडात मारेकऱ्यांकडे असलेल्या शस्त्रांत ९ मिलिमीटरची एक कार्बाइनही होती, वेगळ्या कंपनीची.

लोहार

एक उत्तरार्ध नोंदवतो. रुगरने २०१७ च्या अखेरीस 'पीसी कार्बाइन' पुन्हा आणली. ती मधोमध विलग होते, बोल्टमध्ये झटका मंदावण्यासाठी टंगस्टनचे सरकते वजन आहे, म्हणजे सांजवात यांच्या खांद्याची तक्रार कुणीतरी ऐकली म्हणायची. मॅगझिनची विहीर, म्हणजे मॅगझिन ज्यात बसते ती खोबण, बदलता येते, आणि त्यातील एक विहीर ग्लॉकच्या मॅगझिनसाठी आहे.

शंकासुर

एकवीस वर्षांनी शेजाऱ्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडले. नावातला 'पोलीस' मात्र वाटेत गळाला.

दुर्बीण

शंकासुर यांनी माझेच म्हणणे कमी शब्दांत मांडले.

अर्धविराम

सर्व प्रतिसाद पुन्हा एकदा वाचले. माझ्या मूळ विधानातील एक भाग मी मागे घेतो : भिंतींच्या बाबतीत मी चुकीच्या गृहीतकावर उभा होतो, आणि मॅगझिनची एकवाक्यता हा गुण पिस्तुलाच्या खपावर उभा असल्यामुळे स्वतंत्र गुण नव्हताच, हे कोठारप्रमुखांनी दाखवून दिले. दुसरा भाग मात्र मागे घेत नाही. नॉर्थ हॉलिवूडसारखी चकमक अत्यंत विरळ असते. रँडच्या अभ्यासातील बहुसंख्य गोळीबारांत चिलखत घातलेले दरोडेखोर नव्हते, तर पिस्तूल धरलेला, भेदरलेला पोलीस होता आणि दहापैकी आठ गोळ्या भलतीकडे जात होत्या. त्या पोलिसाचा प्रश्न एम-१६ नेच सुटतो असे नाही, तो कोणत्याही खांद्याला लावायच्या बंदुकीने सुटू शकला असता.

बारा_बोअर

सुटू शकला असता, जर ती बंदूक त्या क्षणी त्याच्या हातात असती. त्या गोळीबारांपैकी बहुतेक काही सेकंदांत आणि काही पावलांच्या अंतरावर संपतात. गाडीकडे परत जाऊन कार्बाइन काढायला वेळ कुणाकडे होता? माझी पंप बंदूकही त्याच कारणाने गाडीतच राहत असे.

अर्धविराम

याला माझ्यापाशी उत्तर नाही.